सोनव्वाची आंबील

"मग माझ्या पोटात तंबाखू काय आपल्या पायांनी चालत गेली?"

विश्राम हे ओरडून बोलला नाही. ओरडायची ताकदच नव्हती. मठाच्या अंगणात कडुनिंबाला पाठ टेकून तो बसला होता. तोंड पांढरंफटक, कपाळावर गार घाम. शेजारी ओकारी पडली होती, तिच्यावर कुणीतरी माती ओढली होती.

"मी न्हाई घातली," सोनव्वा स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली.

"मग कुणी घातली? चूल कुणाच्या ताब्यात आहे?"

"चूल माझ्या ताब्यात हाय. तुझं तोंड तुझ्या ताब्यात हाय."

"ऐकलंत आक्का? ही भाषा!"

लगमाक्का ओट्यावर बसली होती. तिनं तपकिरीची डबी उघडली, चिमूट घेतली, एका नाकपुडीत ओढली, मग दुसरीत. डबी कमरेला खोचली.

"भाषा ऐकली," ती म्हणाली. "आता तुझं म्हणणं ऐकव."

हा मठ वेदगंगेच्या काठी, निपाणीच्या बाजूला. फार मोठा नव्हे. एक समाधी, एक ओटा, एक चूल आणि काळ्या रानाचा एक तुकडा. लगमाक्काच्या गुरूनं जाताना आपला चिमटा, मठाच्या गादीची खूण, तिच्या हातात दिला, तेव्हा चांगले दाढीवाले शिष्य तोंडं पाडून निघून गेले. बाईच्या पायाशी कोण बसणार? ती एकटी राहिली आणि मठ टिकला. एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

मठाच्या रानात तंबाखू होती. बिडीची. त्या काळ्या मातीत आजूबाजूला सगळीकडे तीच, मठ काही वेगळा नव्हता.

विश्राम संगमेश्वराकडचा, आक्काचा शिष्य व्हायला आलेला. तिकडे भात, नाचणी, फणस. तंबाखूचं झाड त्यानं इथं येईपर्यंत पाहिलंही नव्हतं. पाहिली होती ती चंचीतली तंबाखू. बापाच्या. बाप गाल सडून गेला. चितेसमोर विश्रामनं शपथ घेतली होती, तंबाखूचा कणही या देहात जाऊ देणार नाही.

ही शपथ तो मठात पाय ठेवणाऱ्या प्रत्येकाला सांगायचा. समाधीवर फूल वाहायच्या आधी माणसाला ती ऐकावी लागायची.

पहिल्या दिवशी रान बघून तो माघारीच निघाला होता. "मठाच्या जमिनीत हे?"

"खा म्हणून कोण सांगतंय?" आक्का म्हणाली होती. "रानात काम हाय. जमत असंल तर ऱ्हा."

तो राहिला. भांगलण करून तण काढलं, पाणी पाजलं. झाडं छातीला लागली, कळ्या धरल्या, आणि परवापासून शेंडे खुडायचं काम निघालं. शेंडा मोडला की झाडाचं बळ पानात उतरतं.

आणि परवापासूनच तो पडायला लागला.

"परवा सकाळी हिच्या हातची आंबील प्यालो," विश्राम सांगू लागला. "रानात गेलो. ऊन व्हायच्या आत तोंडाला पाणी सुटलं, डोकं गरगरलं, ओकलो. काल काही खाल्लं नाही. दिवसभर घोंगडीवर पडून होतो. संध्याकाळी ठणठणीत. आज परत आंबील प्यालो आणि परत हे. खाल्लं की पडतो, नाही खाल्लं की बरा असतो. यात आणखी काय बघायचं?"

"आम्हीबी तीच आंबील प्यालोय की," बायक्का म्हणाली.

बायक्का रानात कामाला येणाऱ्या बायांची म्होरकी. पाचसहा जणी निंबाच्या सावलीत भाकरीचं फडकं सोडून बसल्या होत्या. घास हातातच राहिले होते.

"तुम्हाला काय होणार? तुम्ही सगळ्या मशेरी लावता. ज्याच्या अंगात विष मुरलंय त्याला विष कळत नाही."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. बोलणं तसं खोटं नव्हतं. तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखू, तीच मशेरी. जेवणानंतर ती दातांवर घासत घटकाभर बसायचं, हे त्या रानातल्या प्रत्येक बाईचं होतं. बाईला बसायला कारण लागतं. नुसती बसली तर लोक विचारतात.

"पण तंबाखूच कशावरनं?" बायक्का हटली नाही. "पित्त असंल. थंडी बाधली असंल."

"लहानपणी बापाच्या चंचीतली चिमूट चोरून तोंडात टाकली होती. तेव्हा हेच झालं होतं. हीच गरगर, हीच लाळ. जन्मात विसरणार नाही."

"आणि मी का घालीन रं?" सोनव्वा पुढं आली. "माझं काय वाकडं केलंस तू?"

"तुझी मशेरीची डबी नदीत टाकली."

"टाकलीस. मग मी दुसरी भाजली. त्यासाठी मानसाला विख घालीन?"

"तुझं बोट दाखव."

सोनव्वाचा उजवा हात आपसूक पदराआड गेला. मशेरीनं अंगठ्याजवळचं बोट काळं झालेलं. तिच्या वयाच्या सगळ्या बायांचं असतं.

"बघा. लपवतेय. त्याच बोटानं मीठ टाकते, त्याच बोटानं आंबील ढवळते. मशेरी भाजते तोही तवा भाकरीचाच असेल."

"फुटका तवा हाय त्यो! मागं गोठ्यात ठेवलाय! जाऊन बघ की!"

"तू म्हणतेस म्हणून?"

नवरा गेल्यावर दिरांनी सोनव्वाला घराबाहेर काढलं होतं. वाटेत हा मठ लागला, चूल थंड होती, ती तिनं पेटवली. तेव्हापासून त्या चुलीवर तिनं कुणाला उपाशी पाठवलं नव्हतं. आणि उद्या अमावास्या. आसपासच्या गावांतली माणसं समाधीला यायची, पंगत बसायची. मठाच्या जेवणात काहीतरी घालतात असं एकदा तोंडातून तोंडात गेलं की संपलं.

हे सोनव्वाला कळत होतं. म्हणून तिचा आवाज चढला होता.

विश्रामलाही कळत होतं. म्हणून त्याचा आवाज शांत होता.

"एक तर ही चुलीपाशी राहील, नाही तर मी मठात राहीन," तो म्हणाला. "आणि उद्या येणाऱ्यांना मी खोटं सांगणार नाही. विचारलं तर सांगेन."

"न विचारताबी सांगशील," बायक्का पुटपुटली.

लगमाक्का ओट्यावरून उतरली. विश्रामपाशी गेली, वाकली. त्याचा तळवा उलटा करून बघितला. दंडाजवळ नाक नेलं. हुंगलं. बगलेजवळ हुंगलं. गुरं बघायला आलेला माणूस हुंगतो तसं.

मग सरळ उभी राहिली.

"तंबाखूच हाय," ती म्हणाली. "खरं बोलतोय त्यो."

...

बायका हातातल्या भाकरीकडे बघायला लागल्या.

मग एका बाईनं तोंडातला घास हळूच फडक्यात काढून ठेवला. दुसरीनं आंबिलीची वाटी पायानं लांब सारली. कुणी बघत नाही असं बघून.

सोनव्वानं बघितलं.

ती आत गेली. बाहेर आली तेव्हा हातात गाठोडं होतं. एक लुगडं, एक पितळी, एक डबी. माणसाचं सगळं आयुष्य काखेत मावतं हे मी पुष्कळ बायांचं पाहिलंय.

"आक्का, जाते."

"उद्यापतूर थांब."

"कशाला? तुम्हीच म्हणालात न्हवं? तंबाखू म्हणून?"

"तंबाखू म्हणाले. तुझं नाव घेतलं न्हाई."

"माझं नाव घ्यायची गरजच कुठं ऱ्हायली!"

"उद्यापतूर थांब, सोनव्वा."

सोनव्वानं गाठोडं उंबऱ्यावर ठेवलं, त्याच्यावरच बसली. भिंतीकडे तोंड करून.

आक्का विश्रामकडे वळली. "आता तू ऐक. आजपासनं हिच्या हातचं तोंडात घालायचं न्हाई."

"तेच म्हणतोय मी."

"माझ्याबी हातचं न्हाई. बायक्काच्याबी न्हाई. पाणी तुझं तू शेंदायचं. खायचं झालं तर गावातनं आणायचं, तुझ्या फडक्यात, तुझ्या हातानं. आणि उद्या रोजच्या टायमाला रानात जायचं."

विश्राम तिच्याकडे बघत राहिला. गुरूनं इतक्या लवकर आपलं म्हणणं मानावं, याचाही त्याला संशय आला.

"यात काही डाव तर नाही ना, आक्का?"

"डाव असंल तर तुला कळंल. तुला सगळं कळतंय."

संध्याकाळी विश्राम गावात जाऊन वाण्याकडून फुटाणे घेऊन आला. वाण्यानं कागदात बांधायला घेतले तर हा म्हणाला, "कागद नको, माझ्या फडक्यात टाका." तांब्या राखेनं घासला, पुन्हा घासला. विहिरीवर गेला, पाणी शेंदलं, तांब्याच्या तोंडावर पंचा गच्च बांधला. निजताना तांब्या उशाशी आणि फुटाण्यांची पुरचुंडी कमरेला.

सोनव्वानं त्या रात्री चूल पेटवली नाही. आक्का उपाशी निजली. तिनं मागितलंही नाही.

पहाटे विश्राम उठला. फुटाणे खाल्ले, आपलं पाणी प्याला. कसं स्वच्छ वाटत होतं. पोटात परक्याचं काही नाही. उघड्या अंगानं, कमरेला पंचा गुंडाळून तो रानात गेला.

रोज तो असाच जायचा, सगळ्यांच्या आधी. बायका यायच्या त्याही लवकरच, पण बांधावर बसून राहायच्या. मशेरी लावायच्या, सुनांच्या कागाळ्या सांगायच्या. सूर्य चांगला वर येऊन पानं वाळल्याशिवाय एकीचा हात झाडाला लागायचा नाही. शेंडे खुडायला निघाले त्या पहिल्या सकाळी बायक्कानं त्याला हाक मारून सांगितलं होतं, "अवो म्हाराज, दव हाय अजून. बसा की जरा."

"तुम्ही बसा," तो म्हणाला होता. "मला बसायची सवय नाही."

त्या दिवसांत दव असं पडायचं की पानापानावर पाणी उभं. छातीएवढी झाडं, हाताएवढी रुंद पानं, सरीतून चालायचं म्हणजे पाण्यातून चालणं. विश्राम एकेक शेंडा मोडत होता. पानांच्या बगलेतले कोंब काढत होता. मोडलेले शेंडे वाटेत पडू नयेत म्हणून काखेत धरत होता. पानांचा चिकटा दंडांना, छातीला, पोटाला लागत होता, वरून दव त्याला खाली ओढत होतं. थंडीनं अंगावर काटा होता, पण तो थांबला नाही. नुसत्या फुटाण्यांवर सेवा करतोय हे कुणीतरी बघावं असं त्याला वाटत होतं.

बघत होत्या. बायका बांधावरून टक लावून होत्या. आक्कानं सांगून ठेवलं होतं, नजर हलवू नका, पडला की उचला.

सरीच्या दुसऱ्या टोकाला पोचायच्या आत तो खाली बसला.

मग आडवा झाला.

...

त्याला चौघींनी उचलून आणला. अंगणात ठेवला. ओकायला पोटात फुटाण्यांशिवाय काही नव्हतं, ते आले.

आक्का उशाशी बसली.

"तंबाखू?" तिनं विचारलं.

त्यानं मान हलवली. हो.

"कुणी घातली?"

त्याचे ओठ हलले. "पाणी..."

"विहिरीचं. तूच शेंदलंस."

"तांब्या..."

"तूच घासलास."

"मी... झोपलो असेन तेव्हा..."

"तांब्याचं तोंड बांधलेलं होतं. सकाळी गाठ तशीच होती का?"

त्यानं डोळे मिटले, आठवून बघितलं.

"होती."

"मग?"

"फुटाणे," विश्राम म्हणाला. "तो वाणी. वाण्याच्या दुकानात तंबाखू विकतात. तराजू तोच असणार..."

बायक्काला हसू आवरेना. पदर तोंडात कोंबून ती निंबाआड गेली.

आक्का हसली नाही. तिनं विश्रामच्या कमरेचा पंचा सोडायला घेतला. तो लाजला, धरू लागला. तिनं त्याच्या हातावर चापट मारली, घोंगडी त्याच्यावर टाकली आणि पंचा ओढून घेतला. ओलाचिंब होता. सरीतून फिरून फिरून हिरवट काळा पडलेला.

"वाटी आण गं एक. फुटकी आण."

बायक्कानं आणली.

आक्कानं पंचा दोन्ही हातांनी पिळला. म्हातारीच्या मनगटाच्या शिरा वर आल्या. वाटीत पाणी पडलं. पिवळट, तपकिरी. थेंब थेंब, मग धार, मग परत थेंब.

तिनं ती वाटी त्याच्या नाकाखाली धरली.

"हुंग."

त्यानं हुंगलं आणि झटकन तोंड फिरवलं.

चंची. बापाची चंची. तोच वास.

"मिरचीवर मावा पडला की आपण तंबाखू भिजवून त्येचं पाणी मारतोय," बायक्का म्हणाली. आता ती हसत नव्हती. "किडं मरत्यात. वासराच्या जखमेत अळ्या झाल्या की तंबाखू भरतोय, अळ्या टपाटपा पडत्यात. कातडीतनं आत उतरती म्हणून तर. ओल्या पानाला कोण उघड्या अंगानं भिडतंय का, बाबा? सांगितलं हुतं की तुला. दव हाय म्हणून."

"मला वाटलं..." विश्राम थांबला.

"काय वाटलं?"

"...आळशी आहात."

पंचा अजून आक्काच्या हातात होता. तिनं तो निंबाच्या फांदीवर टाकला.

विश्राम घोंगडी धरून कसाबसा उठून बसला. त्याच्या डोळ्यांत काहीतरी नवीन पेटलं होतं.

"तुम्हाला माहीत होतं," तो आक्काला म्हणाला. "काल माझा तळवा बघितलात, दंड हुंगलात. तेव्हाच कळलं होतं तुम्हाला."

"व्हय."

"मग सांगितलं का नाही? मला परत कशाला पाडलंत?"

"सांगितलं असतं तर काय म्हणाला असतास?"

तो घोंगडीची कड नीट करू लागला.

"खरं बोल. खरं बोलायची सवय हाय न्हवं तुला?"

"...म्हणालो असतो, सोनव्वाला पाठीशी घालताय."

"हां."

"आणि मला?" उंबऱ्याकडून आवाज आला. सोनव्वा अजून गाठोड्यावरच बसली होती. आता मात्र तोंड इकडे होतं. "मला तरी सांगायचं हुतंत, आक्का. एक अख्खी रात्र तुम्ही मला चोर करून ठेवलंत. ह्या बायांनी माझी वाटी पायानं सारली."

लगमाक्कानं मान खाली घातली. त्या म्हातारीला मान खाली घालताना फार कुणी पाहिलं नसेल.

"केलं," ती म्हणाली. "तुझं देणं लागते मी."

सोनव्वानं ते ऐकलं. मग गाठोडं आत भिरकावून दिलं आणि चूल पेटवली, कारण ऊन वर आलं होतं आणि समाधीला माणसं यायला लागली होती.

तिनं पाणी तापवलं. बायक्का आणि ती, दोघींनी मिळून विश्रामचं अंग राखेनं आणि ताकानं घासलं. चिकटा सहज निघत नाही. तो गप्प घासून घेत होता. काळ्या बोटाचा हात त्याच्या पाठीवरून फिरत होता.

"माझ्या मनात आता काही नाही," शेवटी तो म्हणाला. "सोनव्वा, मी तुला क्षमा केली."

सोनव्वाचा हात थांबला.

"कशाबद्दल रं?"

त्यानं स्वतःच पायावरची राख चोळायला घेतली.

"न्हाई, सांग की. म्हंजे मलाबी कळंल मी काय केलंवतं."

बायक्का परत निंबाआड गेली.

पंगत बसायला लागली. बाहेरगावची माणसं, म्हातारेकोतारे, नवस फेडायला आलेल्या लेकुरवाळ्या. आदल्या दिवसाची बातमी त्यांच्या आधीच गावांत पोचून परत आली होती. पत्रावळी मांडल्या तरी कुणी पुढं सरकून बसेना. सगळ्यांच्या नजरा निंबाखाली. हाच ना तो? ह्यालाच ना घातलं म्हणत होते?

सोनव्वानं आंबील ढवळली. पहिली वाटी भरली, वरून ताक आणि मीठ. ती वाटी घेऊन ती सरळ अंगण ओलांडून विश्रामसमोर आली. खाली ठेवली.

पंगतीतल्या माना वळल्या.

विश्रामनं वाटीकडे बघितलं. मग हातानं ती हळूच बाजूला केली.

"आज नको."

"का?" सोनव्वानं विचारलं. तिचा आवाज एकदम बारीक झाला होता.

"तुझ्यावर संशय नाही. देवाशपथ नाही. पण तंबाखू माझ्या अंगात गेली. कशानं गेली हा प्रश्न नाही, गेली. शपथ मोडली. आज अमावास्या, पौर्णिमेपर्यंत मी पाण्यावर राहणार. त्याशिवाय मी शुद्ध होणार नाही."

पुरुषांना उपास फार आवडतात. कुणीतरी रांधून समोर ठेवलेलं असतं, म्हणून तो उपास ठरतो.

त्याचं बोलणं पंगतीपर्यंत पोचलं नाही. पोचलं ते एवढंच की त्यानं वाटी सारली.

कडेला बसलेला एक म्हातारा उठला. उपरणं झटकलं.

"का उठलासा?" बायक्कानं धावत जाऊन विचारलं. "अवो त्यो उपास धरतोय. दवानं झालंवतं त्येला. आंबिलीत काय न्हाई."

"असंल की," म्हातारा म्हणाला. नजर मात्र वाटीवरच. "तसं न्हवं. आम्ही घरनं जेवूनच आलोय."

त्याच्या मागनं त्याची म्हातारी उठली. मग तिच्या शेजारची, मांडीवरचं मूल खांद्यावर टाकून.

"आमचंबी पोट भरलंय, बाई."

सोनव्वा पंगतीकडे बघत होती. हातात पळी होती, ती तिनं खाली केली. गाठोडं आत कुठं पडलंय ते शोधायला जावं तशी ती चुलीकडे वळली.

विश्रामनं डोळे मिटले होते. उजव्या तळव्यावर पाणी घेतलं होतं. तो संकल्प म्हणत होता. चेहऱ्यावर चांगलं समाधान होतं.

"विश्राम," आक्का ओट्यावरून म्हणाली.

त्यानं डोळे उघडले नाहीत. डाव्या हातानं थांबा अशी खूण केली.

"विश्राम, ती माणसं उठायलीत."

"आक्का, माझा संकल्प चाललाय. मधे बोलू नये. लोक काय, आज उठतील, उद्या बसतील. मला माझ्या शपथेचं बघू द्या."

"कुणामुळं उठायलीत, त्ये बघ."

"मी कुणाला उठा म्हटलं नाही. मी कुणावर आरोपही करत नाहीय आता. माझा उपास आहे, माझ्यापुरता आहे. त्यात दुसऱ्याचं काय जातं?"

...

लगमाक्का ओट्यावरून उतरली. घाई केली नाही. त्याच्यासमोर येऊन बसली, त्याचं मनगट धरलं आणि तळवा पालथा केला. संकल्पाचं पाणी मातीत गेलं.

तिनं वाटी उचलली आणि त्या ओल्या हातावर ठेवली. फाटकापाशी पोचलेला म्हातारा तिथंच थबकला. चुलीपाशी सोनव्वाची पाठ ताठ झाली.

"आक्का, माझी शपथ..."

"आधी ही पी," लगमाक्का म्हणाली. "मग हो किती पवित्र व्हायचंय ते."